संशोधन बाहेर देताना : लहान फार्मसीची बाजू

वणी, पुसद, दारव्हा वा पांढरकवडा येथील लहान औषधनिर्मात्याकडे 'संशोधन विभाग' अशी पाटी बहुधा आढळणार नाही. कढई, खल, पल्व्हरायझर, गोळ्यांचे यंत्र आणि वैद्यांचा अनुभव एवढ्यावर आपला व्यवसाय चालतो. म्हणून परीक्षण असो वा नव्या योगाचा अभ्यास, तो बाहेर देणे ही आपली गरज असते. शेड्यूल टी हे उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम २००० साली आले, तेव्हा स्वतःची प्रयोगशाळा नसणाऱ्यास शासनमान्य प्रयोगशाळेकडून गुणनियंत्रण करून घेण्याची मुभा मिळाली. पुढे २०१० मध्ये नियम १५८-ब आला. ग्रंथोक्त योग ग्रंथोक्त रोगाधिकारासाठीच करणाऱ्यास ग्रंथाधार पुरतो. प्रोप्रायटरी औषधासाठी मात्र परिणामकारकतेचा पायलट अभ्यास द्यावा लागतो.

मोठ्या कंपन्याही कामे बाहेर देतात. तथापि त्यांची स्थिती निराळी आहे. डाबरने १९७९ साली डाबर रिसर्च फाउंडेशन ही संस्था उभारली आणि ती पुढे इतरांसाठीही शुल्क घेऊन संशोधन करू लागली. अशा कंपनीने काम बाहेर दिले तरी काय विचारावे हे ठरविणारी आणि आलेल्या अहवालाची उलटतपासणी करणारी माणसे घरातच असतात. आपण बाहेर पाठवितो तेव्हा अनेकदा प्रश्नही प्रयोगशाळेवरच सोपवितो.

याची किंमत आम्ही मोजली आहे. स्त्रीरोगांवरील आमच्या एका अशोकप्रधान योगाचा नमुना आम्ही तपासणीस पाठविला. जड धातू, राख, अर्कमान सर्व मर्यादेत असल्याचा अहवाल आला व तो आम्ही समाधानाने फाईलला लावला. तरीही वैद्यमित्रांकडून 'पूर्वीसारखा गुण येत नाही' अशा तक्रारी येऊ लागल्या. अखेर व्यापाऱ्याकडील सालीची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा करविली, तेव्हा त्या पोत्यांत खोट्या अशोकाची, म्हणजे आसुपालवाची, साल निघाली. प्रयोगशाळेची चूक नव्हती. साल कोणत्या वृक्षाची, हे आम्ही विचारलेच नव्हते!

द्रव्याची ओळख बाहेर सोपवू नये, असे आमचे तेव्हापासून ठाम मत झाले आहे. हिरडा, बेहडा, आवळा ही आपल्या भागातील द्रव्ये आपण नजरेने ओळखतो. परप्रांतातून येणाऱ्या सालींबाबत तो आत्मविश्वास धोक्याचा आहे. यवतमाळला आयुर्वेद महाविद्यालय आहे, औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षणही आहे. द्रव्यगुणाच्या जाणकारास पोते फोडतानाच बोलवावे, प्रत्येक खेपेचा मूठभर नमुना तारीख घालून बरणीत जपावा. यास फारसा खर्च नाही.

पायलट अभ्यासाचे काम घरात होणे नाही. ते देताना करार लेखी असावा आणि मूळ नोंदी, टीएलसीची चित्रे, कृतीतील सुधारणा कोणाच्या मालकीच्या, हे त्यात स्पष्ट असावे. केवळ निष्कर्षाचे पान हाती आले, तर पुढच्या वेळी दुसऱ्या संस्थेकडे जाताना आपण पुन्हा शून्यावर येतो. कृतीची गुप्तता राखण्याची अट आपण विसरतो. मोठी कंपनी विसरत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतोच. आपल्यापैकी कित्येकांकडे एकाच व्यापाऱ्याची साल येते आणि प्रत्येकजण तिची तपासणी स्वतंत्रपणे करवितो, किंवा करवीतच नाही. तीन-चार फार्मसींनी एकत्र खेप मागवून शुल्क वाटून घेण्याची सिद्धता आम्ही शेजारच्या दोन मित्रांसह केली आहे. अशोकाची पुढील खेप दिवाळीनंतर येईल. त्यात आणखी दोघांना सामावून घेता येईल.