चित्रांतून वाचनाकडे : बालसाहित्याचे आगामी उत्सव

ऑक्टोबर ते एप्रिल हा महाराष्ट्रातील ग्रंथविषयक कार्यक्रमांचा हंगाम होय. १५ ऑक्टोबर रोजी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन साजरा होत आहे. १४ नोव्हेंबरच्या बालदिनाबरोबरच राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुस्तक सप्ताह सुरू होतो व तो २० नोव्हेंबरपर्यंत चालतो. न्यासाच्याच पुढाकाराने २०२३ पासून डिसेंबरात पुणे येथे मोठा पुस्तक महोत्सव भरू लागला आहे. साने गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला येते. जिल्हा ग्रंथोत्सव, मराठी भाषा गौरव दिन आणि २ एप्रिलचा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन हेही याच काळातील.

या सर्व प्रसंगी बालवाचकांचा उल्लेख आवर्जून केला जातो. तथापि, लहान मुलाच्या दृष्टीने पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणारे जे चित्र, त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. ज्या घरात पूर्वी पुस्तक आलेच नाही, त्या घरातील पहिलीच्या मुलाला अक्षरे अद्याप परकी असतात. चित्र मात्र त्याला पहिल्या दिवसापासून वाचता येते. पुस्तक ही आपली वस्तू आहे की केवळ गुरुजींची, याचा निर्णय बहुधा त्याच सुमारास होऊन जातो. येत्या हंगामातील कार्यक्रमांची आखणी करताना शिक्षक, ग्रंथपाल व पंचायत सदस्य यांनी ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

उद्ध्वस्त म्युनिकमधील प्रदर्शन

बालपुस्तकांचा उत्सव ही कल्पना आज जगभर रूढ झाली आहे. तिचा उगम समारंभात नव्हे, तर युद्धाने बेचिराख झालेल्या एका शहरात आहे. येल्ला लेपमान या मूळच्या श्टुटगार्टच्या पत्रकार. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना जर्मनी सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. १९४५ साली अमेरिकन लष्कराच्या महिला व युवकविषयक सल्लागार म्हणून त्या परतल्या, तेव्हा मुलांना अन्न हवे होते, कपडे हवे होते आणि निवाराही हवा होता. पुस्तकांचीही तितकीच गरज आहे, असे लेपमानबाईंचे म्हणणे होते. जी पुस्तके उरली होती, त्यांतील पुष्कळशी मागील राजवटीच्या विचारांनी विषारी झालेली होती.

त्यांनी वीस देशांना पत्रे लिहून मुलांची पुस्तके विनामूल्य मागितली. विशेष आग्रह चित्रमय पुस्तकांचा होता, कारण चित्राला भाषांतर लागत नाही. बहुतेक देशांनी होकार दिला. बेल्जियमने मात्र, जर्मनीने आमच्यावर दोनदा आक्रमण केले आहे, असे सांगून नकार कळविला. त्यावर लेपमान यांनी पुन्हा पत्र पाठवून आग्रह धरला आणि बेल्जियमची पुस्तकेही आली. १९४६ च्या जुलैत म्युनिकच्या 'हाउस डेर कुन्स्ट' या वास्तूत हे प्रदर्शन भरले. नाझींनी आपल्या कलेच्या गौरवासाठी उभारलेल्या त्याच इमारतीत काल शत्रू असलेल्या देशांची पुस्तके जर्मन मुलांपुढे मांडली गेली.

या प्रदर्शनातूनच १९४९ साली म्युनिक येथे आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय उभे राहिले. तेथे मुलांसाठी चित्रशाळाही होती. १९५३ साली झुरिच येथे मुलांच्या पुस्तकांसाठीचे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. या मंडळाच्या वतीने लेखकांना १९५६ पासून हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार दिला जातो. चित्रकारांसाठीचा स्वतंत्र पुरस्कार १९६६ साली सुरू झाला. म्हणजे चित्रकाराला लेखकाच्या शेजारी आसन मिळण्यास तेथेही दहा वर्षे लागली.

२ एप्रिल हा अँडरसन यांचा जन्मदिवस. १९६७ पासून तो आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. अँडरसन यांना कागद कातरण्याचा विलक्षण छंद होता. मुलांना गोष्ट सांगता सांगता ते कात्रीने कागदातून हंस, किल्ले, नर्तिका काढीत; गोष्ट संपे तेव्हा घडी उलगडून चित्र दाखवीत. बालपुस्तक दिनाची रचनाही अशीच दुहेरी आहे. दर वर्षी एका देशाकडे यजमानपद येते, त्या देशातील लेखक जगातील मुलांना उद्देशून संदेश लिहितो आणि चित्रकार त्याचे भित्तिपत्रक तयार करतो. अँडरसन यांच्या द्विशताब्दीचे वर्ष २००५. त्या वर्षी हा मान भारताकडे होता.

निव्वळ चित्रांसाठीचे उत्सवही आहेत. इटलीतील बोलोन्या येथे १९६४ पासून दर वसंतात बालपुस्तकांची जत्रा भरते. चित्रकारांचे प्रदर्शन हे तिचे एक मोठे आकर्षण होय. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा येथे १९६७ पासून विषम वर्षांत बालपुस्तकांतील मूळ चित्रांचे द्वैवार्षिक प्रदर्शन मांडले जाते.

चित्र काय करते ?

चित्र म्हणजे मजकुराची सजावट, असा समज आपल्याकडे दृढ आहे आणि तो मोडून काढल्याखेरीज पुस्तकांची निवड सुधारणार नाही. समजा, पानावर एवढेच वाक्य आहे : 'आजी बाजाराला निघाली.' चित्रात आजीच्या पिशवीतून मांजराची शेपटी बाहेर डोकावत आहे. मोठा माणूस वाक्य वाचून पान उलटू पाहतो. मूल त्याचा हात धरून थांबविते, कारण आजीला ठाऊक नसलेली गोष्ट त्याला ठाऊक झालेली असते. वाचता न येणारा श्रोता येथे वाचणाऱ्याच्या एक पाऊल पुढे असतो. अनुमान करणे, पुढचा अंदाज बांधणे, मागचे पान पुन्हा तपासणे ही वाचनाची मूलभूत कौशल्ये अक्षरओळखीच्या आधीच अशा पुस्तकांतून रुजतात. वाक्यात आजी, चित्रातही आजी आणि त्यापलीकडे काहीच नाही, असे पुस्तक मुलाच्या हातून लवकर सुटते.

चित्रकाराच्या कामाला छपाईच्या तंत्राची चौकटही असते. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पृष्ठांचा एक फॉर्म तयार होतो. म्हणून चित्रमय पुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पृष्ठांची असतात. एवढ्या जागेत गोष्ट कोठे थांबवायची, कोणते चित्र दोन्ही पानांवर पसरायचे आणि कोणते रहस्य पान उलटल्यावरच उघड करायचे, हे चित्रकाराला आधी कच्च्या आराखड्यात ठरवावे लागते. पान उलटण्याची ती क्षणभराची उत्सुकता हा या कलेचा प्राण आहे.

रंगीत छपाई महाग, हे त्यातील मुख्य अडचणीचे कारण. निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार रंगांच्या चार प्लेट लागतात. मजकूर केवळ काळ्या रंगात ठेवला, तर इतर तीन प्लेट तशाच ठेवून फक्त काळी प्लेट बदलता येते व तेच पुस्तक अनेक भाषांत स्वस्तात निघते. बहुभाषी देशात हा मार्ग फार उपयोगी पडतो. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेतील एकच पुस्तक मराठी मुलालाही मिळते आणि तमिळ मुलालाही. अलीकडे प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या व्यासपीठावर २०१५ पासून सचित्र गोष्टी मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाल्या आहेत. त्यांत मराठी गोष्टीही आहेत आणि त्या विनामूल्य उतरवून घेऊन छापता येतात.

आपल्याकडील धन

चित्र दाखवीत गोष्ट सांगण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातील कथांच्या सुट्या चित्रांची पोथी मांडून, वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने एकेक चित्र पुढे करीत कथा गायिली जाते. या परंपरेतील श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ग्रंथोत्सवाच्या उद्घाटनास गायनाचा कार्यक्रम ठेवण्याऐवजी एखादी चित्रकथी ठेवली, तर मुलांना पुस्तकाचा पूर्वज प्रत्यक्ष पाहता येईल.

मुद्रित बालवाङ्मयाचा इतिहासही लहान नाही. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ साली निघाले, वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ साली. पुढे 'चांदोबा'ने मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना चित्रे पाहण्याचे वेड लावले. खांद्यावर वेताळ घेऊन तलवार उगारलेला विक्रम अनेकांना कथेच्या आधी आठवतो. ते चित्र काढणारे के. सी. शिवशंकरन ऊर्फ 'शंकर' २०२० साली निवर्तले. त्यापूर्वीच, २०१३ मध्ये, मासिक थांबले होते. बालभारतीचे 'किशोर' नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे व त्याचे जुने अंक संगणकीय स्वरूपात विनामूल्य खुले आहेत. मुखपृष्ठे व चित्रे कशी बदलत गेली, याचे छोटे प्रदर्शन कोणतीही शाळा त्यांतून मांडू शकेल.

आजच्या काळात माधुरी पुरंदरे यांचे काम या संदर्भात प्रथम आठवते. त्या स्वतः लेखिका आहेत आणि चित्रकारही, त्यामुळे शब्द कोठे थांबवावा याची त्यांना नेमकी जाण आहे. 'राधाचं घर' या मालेतील पुस्तकांत चार भिंतींतील साधी माणसे व वस्तू आहेत. पण मुलाला आपले घर पुस्तकात सापडण्याचा आनंद त्यांतून मिळतो. साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला. अकादेमी २०१० पासून हे पुरस्कार देत आहे. मात्र ते साहित्यिकांसाठी आहेत, चित्रकारांसाठी नाहीत. याउलट २०१६ साली सुरू झालेल्या 'बिग लिटल बुक' पुरस्कारात लेखक व चित्रकार असे दोन्ही विभाग आहेत.

वारली चित्रकारांच्या सहकार्याने चेन्नईच्या तारा बुक्सने क्रियापदांचे एक सुंदर पुस्तक काढले आहे. खेड्यातील कामे, खेळ व धांदल त्यात रेखाटली आहे. पालघर-डहाणू भागातील शाळांत असे पुस्तक पोहोचले, तर आपल्या भिंतीवरचे चित्र छापील पानावर आलेले मुले पाहतील.

गावपातळीवर काय करता येईल

गाव आणि ग्रंथ यांचे नाते काय होऊ शकते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यात आहे. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव मे २०१७ मध्ये 'पुस्तकांचे गाव' झाले. वेल्समधील हे-ऑन-वायची प्रेरणा त्यामागे असली, तरी तेथे पुस्तके विकली जातात, येथे ती ग्रामस्थांच्या घरांत बसून वाचायची आहेत. साहित्यप्रकारानुसार घरे वाटून दिलेली आहेत, बालसाहित्यालाही त्यात स्थान आहे आणि भिंती चित्रकारांनी रंगविल्या आहेत. प्रत्येक गावाला हे जमणार नाही. एक खोली, दोन सतरंज्या व शंभर निवडक पुस्तके मात्र बहुतेक गावांना जमतील. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे आणि शाळांच्या ग्रंथालयांसाठी समग्र शिक्षा योजनेत तरतूद आहे.

प्रदर्शन मांडताना पुस्तके टेबलावर उभी रचण्याची आपली पद्धत मुलांच्या उपयोगाची नाही. दोरी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधून, कपड्यांचे चिमटे लावून पुस्तके उघडी टांगावीत किंवा सतरंजीवर पसरून ठेवावीत. प्रत्येक पुस्तकाशेजारच्या चिठ्ठीवर लेखकाबरोबर चित्रकाराचेही नाव लिहावे. पुष्कळ पुस्तकांत ते मुखपृष्ठावर नसते, आतल्या पानावर बारीक अक्षरांत शोधावे लागते. पाहुण्यांची भाषणे दहा मिनिटांत आटोपावीत. मुलांना उन्हात रांगेने बसवून ठेवणारा ग्रंथोत्सव ग्रंथांविषयी वाईटच मत निर्माण करतो.

चित्रकला स्पर्धेत दिलेल्या चित्राची नक्कल करून घेण्यापेक्षा एखादी गोष्ट चित्र न दाखविता मोठ्याने वाचावी आणि मुलांना तिचे एकच पान रंगवू द्यावे. मग मूळ पुस्तक उघडावे. चाळीस मुलांचे चाळीस राक्षस आणि चित्रकाराचा एकेचाळिसावा समोरासमोर आले, की चित्रकाराने काय निवडले व काय गाळले, यावर मुले आपणहून बोलू लागतात. त्या पानांना दोरा घालून वर्गाचे हस्तलिखित पुस्तकही तयार होते.

सर्वांत अवघड भाग प्रदर्शन संपल्यानंतरचा आहे. पुस्तके पुन्हा कपाटात जातात व कुलूप लागते, कारण फाटलेल्या वा हरवलेल्या प्रतीचा हिशेब कोणी द्यावा, ही शिक्षकांची धास्ती खोटी नाही. लहान मुलांची पुस्तके वापरली तर फाटणारच. न फाटलेले पुस्तक बहुधा न वाचलेले असते. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी कपाटातील कोऱ्या प्रती मोजण्याऐवजी देवघेव नोंदवही पाहावी, जीर्ण प्रतींच्या निर्लेखनाचे प्रस्ताव वेळेवर निकाली काढावेत आणि तसे शाळांना स्पष्ट कळवावे. हे झाले, तर बरीच कुलुपे आपोआप निघतील.

राहता राहिला २ एप्रिल. तो वार्षिक परीक्षांच्या सुमारास येतो, त्यामुळे शाळांकडून फारशी अपेक्षा करता येणार नाही. या दिवसाचा कार्यक्रम गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने किंवा ग्रामपंचायतीने सायंकाळी ठेवावा, म्हणजे रानातून व कामावरून परतलेल्या पालकांनाही येता येईल. त्यासाठी फेब्रुवारीतील मासिक सभेतच विषय घ्यावा. पुस्तके मागविण्यास महिनाभर तरी लागतो.