मुंबई ते दुबई : विमानाला किती वेळ लागतो?

माझे बाबा दुबईला कामाला आहेत. दोन वर्षांनी रजा मिळते तेव्हा घरी येतात. गेल्या जानेवारीत आले होते. परत जाताना त्यांनी मला विमानाचं तिकीट दाखवलं. मुंबईहून सुटणार सकाळी १० वाजता, दुबईला पोचणार ११ वाजून ४५ मिनिटांनी. मी लगेच वजाबाकी केली आणि वर्गात सांगितलं, "माझे बाबा पावणेदोन तासांत दुबईला जातात!"

मग येतानाचं तिकीट पाहिलं. दुबईहून सकाळी १० ला सुटायचं आणि मुंबईला दुपारी २.३० ला पोचायचं. म्हणजे साडेचार तास. रस्ता एकच, मग असं कसं? सगळी मुलं मला हसली. मला रडू आलं. तेव्हा गुरुजींनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला व समजावून सांगितलं. तेच मी इथे लिहीत आहे.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. दुबई आपल्या पश्चिमेला आहे. म्हणून सूर्य आपल्याकडे आधी उगवतो आणि तिकडे नंतर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरतात, दुबईची ६० अंशावरून. फरक २२.५ अंशांचा. त्याला ४ ने गुणले की ९० मिनिटे येतात. हा गुणाकार गुरुजींनी फळ्यावर करून दाखवला. म्हणजे दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं.

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराची असते आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या शहराची. मी दोन घड्याळांची वजाबाकी केली, तिथेच चुकलो. जाताना दीड तास मिळवायचा, म्हणजे ३ तास १५ मिनिटे होतात. येताना दीड तास वजा करायचा, म्हणजे ३ तास उरतात. येताना थोडा कमी वेळ लागतो, कारण हिवाळ्यात उंच आकाशात पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. तो विमानाला मागून ढकलतो.

मुंबई ते दुबई सरळ अंतर सुमारे १९३० किलोमीटर आहे. मधे अरबी समुद्र आहे. विमान वर गेल्यावर तासाला सुमारे ८५० किलोमीटर जातं. भागाकार केला तर सव्वादोन तासच येतात. पण जमिनीवर विमान हळू चालतं, चढताना व उतरताना वेग कमी असतो, शिवाय वळणं घ्यावी लागतात. त्यात बाकीचा वेळ जातो.

आमच्या गावाहून मुंबई ३५० किलोमीटर आहे आणि एस.टी.ला ९ तास लागतात! म्हणजे बाबांना मुंबईहून घरी यायलाच जास्त वेळ लागतो.

आजी रोज म्हणते, "माझा झिलगा सातासमुद्रापार गेला." मी तिला सांगितलं, "आजी, एकच समुद्र आहे आणि तीन तासांचा रस्ता आहे." आजी म्हणाली, "मग येत का नाही रे?" मी बाबांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "बाळा, लांब आहे म्हणून नाही, रजा नाही म्हणून."

आता मी बाबांना फोन करताना आधी घड्याळातून दीड तास वजा करतो. तुमचं कोणी तिकडे असेल तर तुम्हीही करा.

– इयत्ता चौथी