काचेच्या टाकींतील शेवाळें

हल्लीं पुष्कळ घरांत माशांची काचेची टाकी दिसूं लागली आहे. तींत खऱ्या पाणवनस्पती लावल्या म्हणजे शोभा द्विगुणित होते; परंतु महिना लोटतो न लोटतो तोंच काचेवर हिरवा थर चढतो, आणि टाकी ठेवावी कीं काढावी असा वाद घरांत सुरू होतो. साताऱ्यास आमच्या घरींहि तो झाला. कोणी औषधाची बाटली आणा म्हणे, कोणी मासेच नदींत सोडा म्हणे.

शेवाळें हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. उजेड व खत हीं दोन वाजवीपेक्षां अधिक मिळालीं कीं तें फोफावतें. आमची टाकी पूर्वेच्या खिडकीपाशीं होती, वरचा दिवा बारा-बारा तास जळे, आणि येतांजातां प्रत्येक मूल चिमूटभर दाणा टाकी. उरलेला दाणा कुजून त्याचें खत होई. आम्हीं टाकी खिडकीपासून दूर नेली, दिवा ७-८ तासांवर आणिला, आणि दाणा एकाच हातानें, २-३ मिनिटांत संपेल इतकाच घालावा असा नियम केला. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलूं लागलों. दीड महिन्यानें काच निवळली.

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं हाच तोल मांडून दाखविला. सोनेरी माशांसोबत त्यानें पाणवनस्पती ठेविली. कुजक्या पानांनीं पाणी बिघडूं लागतांच गोगलगाई सोडल्या, आणि पाणी निर्मळ राहिलें.

एक चूक मात्र आमच्या हातून घडली. गाळणीचा स्पंज आम्हीं नळाखालीं खसखसून धुतला. दोन दिवसांत तीन मासे गेले आणि नात जेवेना. माशांच्या मलांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचें नायट्रेट करणारे सूक्ष्म जीव त्या स्पंजांतच राहतात. नळाच्या क्लोरीननें ते मरतात. स्पंज टाकींतून काढलेल्या पाण्यांतच हलके पिळावा.

दुसरा धडा सांगलीचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत आमच्या धाकट्या बंधूंच्या घरची वीज गेली. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखालीं ठेविलेला होता. तो थांबतांच नळींतून पाणी उलटें येऊन पंपांत शिरलें. खालीं कृष्णामाई अंगणांत, वर माशांना श्वास नाहीं! तेव्हां सूनबाईंनीं व मुलांनीं आळीपाळीनें तांब्यानें टाकींतलेंच पाणी उंचावरून परत टाकींत ओतलें, म्हणजे त्यांत हवा मिसळते. दाणा बंद ठेविला. धडधाकट मोठ्या माशांस कांहीं दिवसांचा उपास बाधत नाहीं. मासे वांचले. वीज आल्यावर गाळणी धुतल्यावांचून सुरू केली नाहीं, हेंहि योग्यच झालें. कारण बंद गाळणींत घाण कुजलेली असते.

पंप पाण्याच्या पातळीवर उंच फळीवर ठेवावा, हें वाचकांनीं आजच पाहावें. आणि मुक्या जिवांस घरांत आणिलें, तर त्यांची चिंता एकट्या मुलावर न टाकतां साऱ्या घरानें वाटून घ्यावी.