क्रिस्तोफोरीचे पियानो आणि जीर्णोद्धाराची मर्यादा

जुन्या वाद्याचा जीर्णोद्धार म्हणजे ते पुन्हा वाजते करणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सांगाड्यासच इजा पोचलेल्या पियानोच्या बाबतीत ही समजूत कितपत ग्राह्य धरावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आधुनिक मोठ्या पियानोतील तारांचा एकत्रित ताण सुमारे २० टनांपर्यंत जातो व तो ओतीव लोखंडाची चौकट पेलते. अठराव्या शतकात अशी चौकट नव्हती. सारा भार लाकडावर पडे. पेटी पिळवटणे, नादफळी तडकणे, सांधे उकलणे हे दोष त्यातूनच उद्भवतात. पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी (१६५५–१७३१) याने ही अडचण ओळखली होती. ताण सोसणारी बाहेरची वक्र भिंत निराळी आणि नादफळीस आधार देणारी आतील भिंत निराळी, अशी योजना त्याने केली. नादफळी ताणापासून शक्य तितकी मोकळी राहावी, हा त्यातील हेतू उघड आहे.

त्याचे तीनच पियानो आज उपलब्ध आहेत. रोम येथील १७२२ चा किडीने पोखरला असून वाजत नाही. लाइप्झिग विद्यापीठाच्या संग्रहालयातील १७२६ च्या पियानोची पूर्वी ध्वनिमुद्रणे झाली. आता तोही मूक आहे. वाजतो तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील १७२० चा. परंतु त्याची स्वरमर्यादा मागाहून वर सरकविण्यात आली आणि १९३८ मध्ये नादफळीच बदलण्यात आली. नादफळी हा तर वाद्याचा कंठ! तेव्हा या पियानोतून आज निघणारा नाद १७२० चा मानणे सयुक्तिक होणार नाही.

तडकलेली जुनी फळी निरुपयोगी वाटते खरी; पण तिची ठिकठिकाणची जाडी, पाठीवरील पट्ट्यांच्या जागा, रंध्याच्या खुणा हा सारा पुरावाच असतो. भेगेत त्याच जातीच्या लाकडाची चीप रेषा जुळवून बसवावी व प्राणिज सरसाने चिकटवावी, हे उत्तम. ऊब व ओलावा दिल्यास हा सांधा पुढे सोडविताही येतो. तारा पूर्ण ताणावर चढविण्याचा मोह मात्र, पेटी दुबळी असल्यास, आवरलेला बरा. नाद ऐकावयाचा तर प्रतिकृती घडवावी. क्रिस्तोफोरीच्या वाद्यांच्या अशा प्रतिकृती अलीकडच्या कारागिरांनी तयार केल्याही आहेत. त्यांसाठी लागणारी मापे अर्थातच मूळ वाद्यांवरून घ्यावी लागतात, आणि नादफळीपुरते तरी न्यूयॉर्कच्या वाद्यावर विसंबता येत नाही.