वाट्याचे घर : सामायिक हिस्सेदारीतून गृहस्वामित्व

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' ही म्हण आजही तितकीच खरी आहे. गृहकर्जाच्या चौकशीसाठी शाखेत येणाऱ्या अनेकांची अडचण मासिक हप्त्याची नसते, तर प्रारंभी उभ्या कराव्या लागणाऱ्या स्वतःच्या रकमेची, म्हणजेच 'मार्जिन'ची असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाख रुपयांहून अधिक व ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते. साहजिकच ५० लाखांच्या सदनिकेसाठी किमान १० लाख रुपये आणि शिवाय मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च ग्राहकास करावा लागतो. ही दरी भरून काढण्यासाठी काही देशांनी 'शेअर्ड इक्विटी' अर्थात सामायिक हिस्सेदारीचा मार्ग अवलंबिला. त्याचे स्वरूप समजून घेणे आपल्यालाही उपयुक्त ठरेल.

संकल्पना

अर्धेलीच्या शेतीत जमीन एकाची व कष्ट दुसऱ्याचे असतात. पीक चांगले आले तरी दोघांचे, बुडाले तरी दोघांचे. सामायिक हिस्सेदारीचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. घराच्या किमतीचा काही भाग शासन किंवा एखादी संस्था देते आणि त्या बदल्यात घराच्या भावी मूल्यात तेवढा वाटा राखून ठेवते.

इंग्लंडचा अनुभव

इंग्लंडमध्ये २०१३ साली सुरू झालेली 'हेल्प टू बाय' योजना हे याचे ठळक उदाहरण होय. नव्याने बांधलेल्या घरासाठी ग्राहकाने किमान ५ टक्के रक्कम भरावयाची, शासनाने २० टक्क्यांपर्यंत (२०१६ पासून लंडनमध्ये ४० टक्क्यांपर्यंत) द्यावयाची आणि उर्वरित रक्कम बँकेने कर्जाऊ द्यावयाची, अशी तिची रचना होती. घरावर पहिला बोजा बँकेचा व दुसरा शासनाचा असे. पहिली पाच वर्षे शासनाच्या रकमेवर व्याज नव्हते. सहाव्या वर्षी १.७५ टक्के दराने आकारणी सुरू होऊन पुढे महागाईनुसार तो दर वाढत असे. मात्र या आकारणीने मूळ देणे कमी होत नसे. ही योजना २०२३ मध्ये संपुष्टात आली.

तेथेच 'शेअर्ड ओनरशिप' हा दुसरा प्रकारही रूढ आहे. त्यात ग्राहक घराचा काही हिस्सा विकत घेतो, उरलेल्या हिश्श्याचे भाडे गृहनिर्माण संस्थेस देतो आणि ऐपतीनुसार पुढे हिस्सा वाढवीत नेतो.

खरा हिशेब

समजा, 'हेल्प टू बाय'अन्वये २,००,००० पौंडांचे घर घेतले. ग्राहकाचे १०,०००, शासनाचे ४०,००० आणि बँकेचे १,५०,००० पौंड झाले. काही वर्षांनी घराचे मूल्य २,५०,००० झाले, तर शासनाला ४०,००० नव्हे, तर ५०,००० पौंड परत करावे लागतात. मूल्य १,८०,००० पर्यंत घसरले, तर ३६,००० पौंडच द्यावे लागतात. बँकेच्या कर्जाचे मुद्दल मात्र बाजारभावानुसार बदलत नाही; हप्त्यागणिक ते घटत जाते.

यातील मर्म लक्षात घेतले पाहिजे. हिस्सेदारी म्हणजे स्वस्त कर्ज नव्हे. आजचा भार हलका करण्यासाठी उद्याच्या मूल्यवाढीचा वाटा विकणे होय. भाव वेगाने वाढले, तर भागीदाराचा हिस्सा विकत घेणे दरवर्षी अधिक महाग होते. मार्जिनअभावी घरच घेऊ न शकणाऱ्यास हा सौदा लाभदायक ठरू शकतो. थोडे थांबून बचत करू शकणाऱ्याने मात्र दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून पाहावा.

आपल्याकडे काय?

भारतात प्रधानमंत्री आवास योजनेतील व्याज अनुदान निराळ्या प्रकारचे आहे. त्यात शासन घराच्या मूल्यवाढीत वाटा मागत नाही. परंतु आपल्या कुटुंबांत हिस्सेदारी नकळत घडत असते. धाकट्या भावाच्या ५० लाखांच्या सदनिकेसाठी थोरला भाऊ १० लाख रुपये देतो. पुढे सदनिकेचे मूल्य एक कोटी झाले, तर त्याचे देणे १० लाख की २० लाख? ती रक्कम उसनी होती, भेट होती की हिस्सा, हे कोणीच लिहून ठेवलेले नसते आणि तेथेच मनस्तापास प्रारंभ होतो.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४५ नुसार, घर दोघांच्या नावे आपापल्या पैशातून घेतलेले असल्यास आणि वेगळा करार नसल्यास, प्रत्येकाचा हिस्सा त्याने दिलेल्या रकमेच्या प्रमाणात ठरतो. दिलेल्या रकमांचा पुरावाच नसेल, तर हिस्से समान मानले जातात. म्हणून रक्कम बँकेमार्फतच द्यावी, तिचे स्वरूप लेखी ठरवावे आणि हिस्सा असल्यास त्याचे प्रमाण खरेदीखतात नमूद करावे. सहमालकांना बँक सामान्यतः सहकर्जदार होण्यास सांगते, हेही ध्यानात ठेवावे.

घर चार भिंतींचे असते, तसेच ते माणसांचेही असते. कागदावरचा हिशेब स्पष्ट असला, की दोन्ही टिकून राहतात.