नोट खरी की खोटी?

बाजारात माल विकला, नोटा हातात आल्या. त्या मोजून घ्यायची सवय सर्वांनाच असते. पारखून घ्यायची सवय मात्र थोड्यांनाच. ५०० ची एक नोट खोटी निघाली, की दिवसभराची मजुरी गेली म्हणून समजा. कारण खोट्या नोटेचे पैसे बँक भरून देत नाही. म्हणून नोट घेतानाच पारखावी. त्याला यंत्र लागत नाही. डोळे, बोटे आणि उजेड पुरे. शिवाय आता तुम्हाला वाचताही येतं!

घरात ५०० ची नोट असेल तर समोर ठेवा आणि पुढचे वाचा.

पहिली गोष्ट, नोट वाचा. पुढे ‘भारतीय रिज़र्व बैंक’ असे छापलेले असते. खेळातल्या नोटांवर ‘चिल्ड्रन बँक’, ‘मनोरंजन बँक’ असे काहीतरी असते. २०१७ साली दिल्लीत एका ए.टी.एम.मधून असल्या नोटा निघाल्या होत्या! आता नोट उलटी करा. मागे लाल किल्ला आहे. तिथेच १५ भाषांत नोटेची किंमत लिहिली आहे. वरून आठवी ओळ मराठीची. ‘पाचशे रुपये’ सापडले ना?

दुसरी गोष्ट, बोट फिरवा. नोटेचा कागद कापसापासून बनवतात. तो साध्या कागदासारखा गुळगुळीत लागत नाही. गांधीजींचे चित्र आणि अशोकस्तंभ बोटाला उंच लागतात. दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा आहेत, त्याही उंच लागतात. १०० आणि २०० च्या नव्या नोटांवर अशा चार-चार रेघा असतात.

तिसरी गोष्ट, नोट तिरपी करा. मधली तार सरळ पाहिली तर हिरवी दिसते, तिरपी केली की निळी दिसते. उजवीकडे खाली ५०० चा आकडा आहे. त्याचाही रंग तसाच बदलतो. १०० च्या नोटेवर आकड्याचा रंग बदलत नाही, फक्त तारेचा बदलतो.

चौथी गोष्ट, नोट उजेडासमोर धरा. कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० चा आकडा उमटलेला दिसतो. तुटक वाटणारी तार सलग दिसते.

एकाच खुणेवर भरवसा ठेवू नका. नोट जुनी झाली की उठाव झिजतो, रंग मळतो. म्हणून चारही गोष्टी पाहाव्या.

आता कुणी विचारील, “गुरुजी, नोट छापतानाच चूक झाली तर?” तसेही होते. आपल्या देशात नोटा चार ठिकाणी छापतात. त्यांतला एक छापखाना आपल्या नाशिकला आहे, तो १९२८ पासूनचा. छापताना बिघडलेल्या नोटा बाजूला काढतात. त्यांच्या जागी ज्या नोटा घालतात, त्यांच्या नंबरात चांदणी असते. चांदणीची नोट खोटी, अशी आवई उठते. तिच्यावर विश्वास ठेवू नका. ती नोट खरीच असते.

कधी एखादी बिघडलेली नोट नजरेतून सुटते. २०१७ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात काही शेतकऱ्यांना बँकेतून २००० च्या नोटा मिळाल्या. त्यांवर गांधीजींचे चित्रच नव्हते! शेतकरी घाबरून बँकेत गेले. बँकेने सांगितले, नोटा खऱ्या आहेत, छपाईत चूक राहिली आहे. आणि त्या परत घेतल्या. तेव्हा अशी नोट मिळाली तर फाडू नका, कुणाला कमी भावात विकू नका. बँकेत दाखवा.

आणि नोट खोटीच निघाली तर? बँक तिच्यावर शिक्का मारून ठेवून घेते. पैसे मिळत नाहीत, पण पावती मिळते. ती मागून घ्या. एका वेळी चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या, तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या, तर लगेच पोलिसांत तक्रार जाते. नोट कुठून आली ते खरे सांगा. न कळत हातात आलेल्या नोटेसाठी माणूस गुन्हेगार ठरत नाही.

पण काहीजण म्हणतात, “मला कुणी फसवलं, मीही ती खपवतो.” तसे करू नका. खोटी आहे हे ठाऊक असून नोट चालवणे हा मोठा गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत कैद, किंवा जन्मठेपही होऊ शकते. शिवाय ती नोट शेवटी कुणाच्या गळ्यात पडते? अंधारात भाजी विकणाऱ्या म्हातारीच्या, नाहीतर आपल्यासारख्याच एखाद्या मजुराच्या.

नोट उजेडात धरून पाहिली म्हणून देणाऱ्याचा अपमान होत नाही. व्यापारीही आपली नोट तशीच पाहून घेतो. तुम्हीही पाहून घ्या. घरातून बाजारला जो कोणी जातो, त्यालाही या चार खुणा आज रात्री दाखवा.