मास्क लावूनही पेंग येते तेव्हा

सकाळी सीपॅप मशीनच्या पडद्यावर आकडे उमटतात : वापर सात तास, गळती कमी, श्वास अडखळण्याचं प्रमाण तासाला २. उपचारापूर्वी हेच प्रमाण ४० होतं. आकडे उत्तमच आहेत. पण ते पाहणाऱ्या माणसाला अकरा वाजता ऑफिसात पेंग येते, संध्याकाळी जिना चढणं जिवावर येतं, आणि घरचे म्हणतात, ‘‘आता मशीन आहे ना, मग अजून कसला थकवा?’’ स्लीप अ‍ॅप्नियाच्या कितीतरी रुग्णांना हे ऐकावं लागतं. काहींना तर डॉक्टरही रिपोर्टवर बोट ठेवून ‘सगळं नॉर्मल आहे’ असं सांगून वाटेला लावतात. हे अन्यायाचं आहे. हा थकवा खरा असतो आणि बहुतेकदा त्याचं कारण सापडतं.

आधी मशीन नेमकं काय करतं ते पाहू. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. या रुग्णांमध्ये ते इतके सैलावतात, की श्वासाची वाटच बंद होते. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि वाट मोकळी करतो. तासाला ३० वेळा किंवा त्याहून अधिक असं घडत असेल, तर आजार तीव्र समजतात. १९८० साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीचा झोत उलटा फिरवला आणि नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन ही वाट रात्रभर उघडी ठेवली. पुढच्याच वर्षी पाच रुग्णांवरचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आजच्या मशीनचं कामही तेवढंच आहे. ते घसा उघडा ठेवतं. झोप आपली आपल्यालाच घ्यावी लागते.

पहिला संशय तासांवर घ्यावा. अमेरिकेतल्या विम्याच्या नियमांमुळे ‘रात्री चार तास’ हे माप रूढ झालं आणि अनेकांना ते पुरेसं वाटू लागलं. २००७ साली टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की पेंग कमी झाल्याचं रुग्णाला जाणवायला चार तासही पुरू शकतात, पण दिवसभराची कामं नीट जमू लागायला साडेसात तासांपर्यंत वापर लागतो. त्यात एक मेख आहे. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात येते. त्या वेळी स्नायू सर्वाधिक ढिले असतात, त्यामुळे अनेकांचा श्वासही तेव्हाच जास्त अडतो. साडेतीनला उठून मास्क काढून ठेवणारा माणूस नेमका सर्वांत वाईट टप्पा उपचाराविना झोपतो. आणि मशीन बंद असल्यामुळे सकाळच्या आकड्यांत त्याचा मागमूस नसतो.

मग मास्क. दुकानात खुर्चीवर बसून तो छान बसतो, घरी कुशीवर वळलं की नाकाच्या कडेने हवा फुसफुसत डोळ्यात जाते. चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉनची कड निसरडी होते, म्हणून ती रोज सौम्य साबणाने धुवावी लागते. पट्टे आवळून गळती थांबेलच असं नाही, नाकावर वळ मात्र नक्की उठतो. मास्क आडवं पडून, मशीन चालू ठेवूनच बसवून पाहावा. सकाळी जीभ कोरडी पडत असेल तर हवा तोंडावाटे निसटते आहे. अशा त्रासांनी क्षणभर येणारी जाग मशीन मोजत नाही, कारण त्याला हवेचा प्रवाह कळतो, मेंदूतल्या लहरी नाहीत.

इथवर सगळं ठीक असेल, तर मशीनपलीकडे पाहायला हवं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, लोह, साखर तपासावी. नैराश्य असू शकतं. सर्दीच्या काही गोळ्या आणि रक्तदाबावरची काही औषधंही सुस्ती आणतात. डॉक्टरांना एक फरक स्पष्ट सांगावा : बसल्या जागी डोळा लागतो, की डोळा लागत नाही पण अंगात त्राण नसतं? मेलबर्नच्या मरी जॉन्स यांनी १९९१ साली मांडलेली एपवर्थ प्रश्नावली पहिल्या तक्रारीसाठी आहे. तिच्यात आठ प्रसंग असतात आणि २४ पैकी १०च्या वर गुण गेले, तर पेंग प्रमाणाबाहेर आहे असं धरतात. दुसऱ्या तक्रारीचं मूळ अनेकदा वेगळंच निघतं.

तरीही काही जण उरतात. सगळं नीट करूनही ज्यांची पेंग जात नाही, असे रुग्ण साधारण दहात एक असावेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिग्रिड व्हीझी यांच्या गटाने उंदरांना झोपेत पुनःपुन्हा कमी प्राणवायू दिला, तेव्हा मेंदूला जागं ठेवणाऱ्या पेशींनाच इजा झालेली दिसली. माणसातही असंच होत असेल, तर वर्षानुवर्षं निदानाविना गेलेल्या रात्रींची ही किंमत म्हणायची. मात्र मिलानमधल्या संशोधकांना तीव्र आजाराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्यातले बदल वर्षभराच्या सीपॅपनंतर जवळजवळ भरून आलेले दिसले. तीन महिन्यांनी सुधारणा थोडीच होती. म्हणून मशीन कपाटात टाकायची घाई करू नये.

अशा पेंगेसाठी मोडाफिनिलसारखी औषधं काही देशांत दिली जातात. पण ती घसा उघडत नाहीत, त्यामुळे रात्रीचा मास्क चुकत नाही. शिवाय हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांना ती तोलूनमापूनच द्यावी लागतात. आणि औषध असो वा नसो, एपवर्थचा आकडा खाली येत नाही तोवर एक्स्प्रेस वेवर स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्यावं.